तव्यात नाव टाकणारी भामाबाय

पनवेलात कोणी कोणाला कसला आहेर केला आणि तोच आहेर पुढे कोणाच्या गळ्यात गेला, हे तिघांनाच ठाऊक असतं. देवाला, मला आणि भामाबायला. देव बोलत नाही. मी बोलतो, पण माझ्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. भामाबायचं तसं नाही. तिच्याकडे पुरावा असतो, कारण तो तिनेच आपल्या हाताने भांड्यावर कोरलेला असतो.

टपाल नाक्याजवळ दीपेशशेठचं भांड्यांचं दुकान आहे. त्याच्या पायरीवर डाव्या अंगाला एक स्टूल, स्टुलावर भामाबाय, आणि तिच्या मुठीत नाव टाकायचं विजेचं मशीन. लग्न, बारसं, साठी, वास्तुशांत, काहीही असो, आतून भांडं विकत घ्यायचं आणि बाहेर पायरीवर तिच्यापुढे धरायचं. मशीन घर्रर्र करतं, तिची मान एकदा हलते, आणि डब्यावर ठिपक्याठिपक्यांनी उमटतं, ‘चि. अमुक यांस, मामाकडून’. मधे बोलणं बंद होत नाही. नाव टाकता टाकता ती मामाची चौकशी करते, मामीची करते, आणि मामीचं नाव टाकायचं का राहिलं तेही विचारते. दोन डबे संपेपर्यंत घरातलं सगळं बाहेर आलेलं असतं. मी समोर चहा पीत बसतो. वर्तमानपत्र आणतो, पण ते केवळ हातात धरायला.

ही विद्या तिची नव्हे, नवऱ्याची. रोडपालीचा गणू. त्याचा हात मोठा सुरेख, पण ताडीच्या दुकानाशी त्याची दाट ओळख. पुढे पुढे त्याचं अक्षर असं हलायला लागलं की एका नवरीच्या कळशीवर बापाचं नाव वाचून व्याही म्हणाले, “भूकंपात लिवलंय काय?” त्या दिवशी भामाबायने मशीन हातात घेतलं ते आजतागायत. गणू धडधाकट आहे. घरी बसून दिवसभर टीव्हीवर क्रिकेट बघतो, आणि बायकोच्या अक्षरातला काना सरळ येत नाही अशी तक्रार करतो.

भामाबायचा एकच नियम आहे. जिवंत माणसाचं नाव ती पुसत नाही. भावाभावांत भांडण होऊन एक जण वडिलोपार्जित हंडा घेऊन आला आणि म्हणाला, “थोरल्याचं नाव घासून टाक.” ती म्हणाली, “तो हाय का गेला?”

“आहे ना. छातीवर बसलाय माझ्या.”

“मंग नाय पुसनार. खाली तुजा टाकतंय. दोगं मिलून पानी भरा.”

त्या हंड्यावर अजून दोघांची नावं आहेत. पाणी अर्थात कोणीच भरत नाही. घरात फिल्टर आलाय.

आता कमळाकरशेट. बेलपाड्याचा आगरी माणूस. बापाची भातशेती होती, सरकारने घेतली, बदल्यात साडेबारा टक्क्यांचा प्लॉट मिळाला, प्लॉटवर इमारत उभी राहिली, आणि इमारतीच्या गच्चीवरून त्याला महापालिका दिसायला लागली. दीपेशशेठचं दुकान ज्या इमारतीत आहे ती इमारतही त्याचीच. म्हणजे भामाबायची पायरीसुद्धा. भाडं कधी मागितलं नाही, पण पायरी कोणाची आहे याची आठवण मात्र येता-जाता करून द्यायचा. चपलेने.

मागच्या खेपेला निवडणुकीचं वारं सुटलं तेव्हा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्याने वाण म्हणून नॉनस्टिक तवे लुटले. बायका खूश. तवे दीपेशशेठकडून, नाव भामाबायच्या हातचं. प्रश्न एवढाच होता की नाव टाकायचं कुठे?

“बुडाला टाकतंय,” भामाबाय म्हणाली.

“बूड जलतं. काजली धरंल. कोन बगंल?”

“मूठ?”

“प्लास्टिक हाय ती. वितलंल.” शेटने तवा हातात घेऊन डोळ्यांपुढे धरला आणि त्याच्या चेहऱ्यावर ज्ञान पसरलं. “आत टाक. आतल्या अंगाला, मदोमद. बाई रोज सकाली तवा चुलीवर ठेवंल, पयला नाव माजा दिसंल.”

“शेट, काला लेप निगंल.”

“लेप निगला त निगू दे. नाव राहू दे.”

तिने टाकलं. महिनाभर त्या पायरीवर काळ्या भुकटीचा सडा पडत होता आणि दीपेशशेठ झाडू मारून मारून म्हणत होता, “भामाबेन, हा नाव आहे के विहीर खोदते?”

वाटपानंतर पनवेलात जे घडलं ते मी ऐकलं तसं सांगतो. तांदळाचं घावन टाकलं की पीठ त्या खोलगट अक्षरांत बसायचं, तिथे चिकटायचं, करपायचं, आणि घावन उलटलं की पाठीवर तपकिरी रंगात ‘कमळाकर’ उमटायचं. उलटं, आरशात दिसतं तसं. पोरं आधी कोणाच्या ताटात ‘क’ येतो यावर भांडायची. सुना सासूच्या ताटात मुद्दाम नावाचा तुकडा वाढायच्या. हळूहळू अक्षरांच्या कडेने लेपाचे पापुद्रे सुटायला लागले, तेही घावनाला लागून पोटात जायला लागले. कोणी मनावर घेतलं नाही. फुकटचा तवा होता.

ती निवडणूक शेट हरला. तवे राहिले.

आणि मग यंदा आमदारसाहेबांनी विधेयक मांडलं.

सरकारी नव्हे, त्यांचं स्वतःचं, अशासकीय. विधिमंडळात अशी विधेयकं पुष्कळ येतात आणि बहुतेक तिथेच विश्रांती घेतात. विषय मात्र जबर होता. काही रसायनं म्हणे अशी असतात की ती मरतच नाहीत. तव्याच्या लेपात, पावसाळी कोटात, वड्याचं तेल न शोषणाऱ्या कागदात ती असतात, या वस्तू बनवताना किंवा वापरताना ती पाण्यात उतरतात, पाण्यातून माणसाच्या रक्तात, आणि रक्तात गेली की मुक्कामच ठोकतात. त्यांना ‘फॉरेव्हर केमिकल’ म्हणतात. त्यांच्यावर राज्यात बंदी आणायची. तळोज्याच्या कारखान्यांचा वास घेत मोठं झालेलं आमचं गाव, ते एकदम तव्याला घाबरलं.

पक्षाचा निरोप सुटला की ज्याला तिकीट हवं त्याने या विषयावर आपल्या भागात कार्यक्रम घ्यावा. कमळाकरशेटने सगळ्यांच्या आधी घोषणा केली. ‘विषमुक्त स्वयंपाकघर! नॉनस्टिक तवा द्या, बिडाचा तवा घ्या!’ चौकाचौकात फलक लागले. फलकावर शेट हात जोडून उभा, मागे आमदारसाहेब, आणि कोपऱ्यात एका काळ्या तव्यावर लाल फुली.

फलक लागल्यावर दोन दिवसांनी दीपेशशेठ हळूच म्हणाला, “शेठ, जमा होणारा तवा कोणता असेल?”

“लोकांचा.”

“लोकांचे खरे. पण त्यात नाव?”

समोर बसून मी शेटचा चेहरा पाहत होतो. उलटलेल्या घावनासारखा तो करपला.

तो तडक पायरीवर आला. त्या दिवशी चपलेने आठवण करून दिली नाही, चक्क खाली वाकला. “भामाबाय, कार्यक्रमाच्या आदी घरोघर जा, नि तव्यांवरचा नाव घासून काड.”

“जित्या मानसाचा नाव मी पुसत नाय.”

“माजाच नाव हाय ना? मी सांगतंय.”

“तुमचा हाय म्हनूनच. निवडनूक तोंडावर. अख्ख्या पनवेलच्या तव्यांवरशी तुमचा नाव खरवडू? मंग मागून काय झाला त मना बोल लावू नका.”

वास्तुवाल्याच्या सांगण्यावरून बंगल्याचं फाटक तीनदा फिरवलेला माणूस हा. त्याचा हात आपोआप बोटातल्या पुष्कराजाकडे गेला. मग तो ताठ झाला आणि आवाज बदलला.

“आयक. दीपेशला नाव टाकायचा लेझरचा मशीन घेयाचा हाय. मानूस नको, बटन दाबला का नाव. मशीनला आतली खोली पायजे, ती माजी हाय, नि मी देतंय. मशीन आला का पायरी मोकली करायची.”

भामाबायचं मशीन थांबलं. मी तिला इतकी वर्षं बघतोय, नाव अर्धवट असताना ते थांबलेलं कधी पाहिलं नव्हतं. रोडपालीच्या घरात तिला कोण विचारतं? सून मोबाईलमध्ये, गणू क्रिकेटमध्ये. या पायरीवर मात्र पनवेलचा एकही नवरदेव तिच्यापुढे भांडं धरल्यावाचून बोहल्यावर चढलेला नाही. पायरी गेली म्हणजे तिची बसायची जागा गेली एवढंच नव्हे, सगळं गाव गेलं.

“मना काय करायचा हाय?” तिने विचारलं.

“नाव दिसला नाय पायजे. एका पन फोटोत. कसा ते तू बग.”

“नाय दिसनार.”

“मंग पायरी तुजी.”

त्या संध्याकाळपासून पायरीवर जी जी बाई आली तिच्याशी भामाबायचं बोलणं एकाच वळणाने गेलं. “तवा देनार का ग बाय? दे, दे. पन त्याच्यावर नाव कोनाचा? शेटचा. म्हंजे भांडा कोनाचा? शेटचाच झाला ना! परक्याचा भांडा रिकामा परत करतंस? आयशीन काय शिकवला तुना?”

संपलं. शेजारणीचं भांडं रिकामं परत द्यायचं नाही, हे आमच्याकडे बायकांना शाळेत न जाताही येतं. सरकारचा नियम गावात पोचायला वर्ष लागतं, हा नियम पोचायला रात्रही लागली नाही. दुसऱ्या दिवशी बाजारात गूळ महागल्याची बातमी आली.

कार्यक्रम बुधवारी. वडाळे तलावाच्या काठी मंडप. आणि काय सांगू, बायकांची रांग लागली ती रस्त्यापर्यंत! प्रत्येकीच्या हातात नॉनस्टिक तवा आणि तव्यात शिगोशीग तांदूळ, वर गुळाचा खडा, कुठे नारळ, कुठे सुपारी. एका तव्यात सुकी करंदी, म्हणजे बारीक कोळंबी होती, त्या बाईला घरात दुसरं काही सापडलं नसावं. नाव? नावाचा एक कानाही दिसत नव्हता. टेबलापाशी भामाबाय उभी. तवा घ्यायची, तांदूळ गोणीत ओतायची आणि त्याच झटक्यात तवा पालथा करून ढिगावर ठेवायची. बिडाचा तवा हातात, “पुडं चल बाय.” अशी सफाई मी पत्ते पिसणाऱ्यांतही पाहिलेली नाही.

पत्रकार भारावले. ‘विषाच्या बदल्यात धान्य, पनवेलच्या माऊलींचा आगळा निरोप.’ शेट स्टेजवर बसून तांदळाची गोणी फुगताना बघत होता, आणि त्याची छाती गोणीच्या मापाने वाढत होती.

मग भाषण झालं. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या माधुरीमॅडम बोलावल्या होत्या. बाई तळमळीने बोलल्या. विधेयकात काय आहे, काय हवं होतं, सगळं सांगितलं. शेवटी म्हणाल्या, “आणि ज्या तव्याला ओरखडे पडलेत, लेप सुटलाय, त्या तव्यावरचं अन्न कृपा करून कोणालाही वाढू नका.” शेटने सगळ्यांत मोठ्या टाळ्या वाजवल्या.

टाळ्या विरतात न विरतात तोच बाजूच्या जिन्यावरून बेलपाड्याची चिंधीआय स्टेजवर चढली. वयाचा हिशोब कोणाकडे नाही, शेटच्या बापाला तिने कडेवर खेळवलंय. रांगेत उभं राहणं तिला माहीत नाही. तिच्या हातात तवा, तव्यावर केळीचं पान झाकलेलं.

“कमल्या,” ती म्हणाली, आणि शेटपुढचा माईक चालूच होता, “कच्चा तांदूल काय देयाचा? तुज्या आयशीचा-माजा गोत एक. मी शिजवून आनलाय.”

तिने पान काढलं. वाफ निघाली. घावन, उलटून ठेवलेलं, पाठ वर. आणि पाठीवर करपलेल्या तपकिरी अक्षरांत ते.

“खा. पाच वर्सा आमी रोज सकाली तुजा नाव खाताव. आज तू खा.”

माधुरीमॅडमनी तोंडावर हात ठेवला. शेटने घावनाकडे पाहिलं, मॅडमकडे पाहिलं, मग कॅमेऱ्याकडे. खावं तर मॅडमचं भाषण फुकट आणि स्वतःचा फलकही फुकट. न खावं तर गोतातल्या म्हातारीचा अपमान, आणि वाटलेला तवा विषारी होता हे भर स्टेजवर कबूल.

“आये,” तो कसाबसा म्हणाला, “आज माजा उपास हाय.”

“उपास?” चिंधीआयने कानावर हात धरला. “कोनता वार आज?”

“बुधवार!” मंडपातून दहा आवाज आले.

“बुधवारी आगऱ्याचा उपास? कमल्या, बापाच्या घरी बुधवारी म्हावऱ्याशिवाय चूल पेटली नाय तुज्या! डाक्टरला दाकवलास का?”

मंडप फुटला. हसणं थांबेना. आणि त्या गोंधळात पुढच्या रांगेतला एक पत्रकार उठला, मोबाईल काढला आणि घावनावर नेम धरला. शेजाऱ्याला म्हणाला, “काहीतरी अक्षरं आहेत रे. फोटो काढून आरशासारखा उलटा करू, वाचता येईल.”

भामाबायने ते ऐकलं. मी तिच्यापासून चार हातांवर होतो, मी तिचं तोंड पाहिलं. ती टेबलामागून निघाली, गर्दीतून वाट काढत स्टेजवर गेली, घावन उचललं, घडी घातली, नाव आतल्या बाजूला, आणि उभ्या उभ्या खाऊन टाकलं. चार घासांत. मग तवा उचलून पालथा केला, पदराने तोंड पुसलं आणि माईककडे बघून म्हणाली, “सकालपास्ना उपाशी व्हतू. मीठ बराबर हाय, आये.”

“त्यात विष हाय ना ग, येडे!” चिंधीआय कळवळली. म्हणजे म्हातारीने मॅडमचं भाषण सगळं ऐकलं होतं. मी तेव्हापासून चिंधीआयला जरा बिचकून असतो.

“पाच वर्सा खालला,” भामाबाय म्हणाली, “त्यात येक.”

पत्रकाराच्या मोबाईलमध्ये आलं ते एवढंच, एक बाई, गाल फुगलेले, हातात पालथा तवा. नाव एकाही फोटोत दिसलं नाही. कमळाकरशेटचं नाव कुठे गेलं, हे आता फक्त भामाबायच्या पोटाला ठाऊक. मॅडम म्हणतात तसं ते रसायन शरीरातून जात नसेल, तर शेटला इतका कायमचा मतदार दुसरा नाही.

तुम्हाला वाटेल की शेट शब्दाला जागला. तो बिल्डर आहे हो! पंधरवडा झाला नाही तोच दीपेशशेठच्या दाराशी टेम्पो लागला आणि लेझरचं मशीन उतरलं. दीपेशशेठ भामाबायकडे न बघता म्हणाला, “काय करू भामाबेन, ऑर्डर आधीच दिलेला होता. शेठ बोलला, घेऊन टाक.”

भामाबाय एका कपबशीवर ‘सौ. हेतल’ टाकत होती, ते पुरं केलं. हेतल म्हणजे दीपेशशेठचीच बायको.

पण मशीन आत नेतो तर आतली खोली उघडेना. कारण तोपर्यंत तिथे तवे येऊन बसले होते. आधी ते शेटच्या कोन गावातल्या गोदामात ठेवले होते. गोदामाच्या भाडेकरूने वर्तमानपत्र वाचलं आणि सांगितलं, विषाशेजारी माल ठेवणार नाही. भंगारवाला म्हणाला, लेप जाळला तर घेतो. मॅडम म्हणाल्या, जाळाल तर खबरदार. पालिकेच्या गाडीने हात जोडले. घातक कचऱ्याची रीतसर सोय आहे, पण तिथे कागद भरावा लागतो आणि कागदात पहिलाच प्रश्न, हा कचरा कोणाचा? शेट म्हणाला, माझं नाव मी कागदावर देणार नाही. समोरच्या साहेबाने एक तवा उचलून सुलटा केला, आत पाहिलं आणि म्हणाला, “दिलेलंच आहे की.” शेट कागद तिथेच टाकून परत आला. रातोरात तवे दुकानाच्या आतल्या खोलीत, जमिनीपासून छतापर्यंत.

विधेयकात तवे बंद करायचे आहेत. असलेले कुठे ठेवायचे ते नाही. आणि विधेयक पुढच्या अधिवेशनावर गेलं, तिथून त्याच्या पुढच्या.

लेझरचं मशीन दीपेशशेठने घरी नेलं. खोक्यातच आहे. हेतलबेन त्यावर धुतलेल्या उशा वाळत घालते.

परवा सकाळी कमळाकरशेट पायरीशी आला. त्याच्या प्रभागाचं आरक्षण निघालं, महिला. तिकीट आता बायकोला. मागे टेम्पोत स्टीलचे डबे. चपला त्याने खालीच काढल्या होत्या.

“भामाबाय, सौभाग्यवतीचा नाव टाकायचा हाय.”

भामाबायने डबा हातात घेतला, आत पाहिलं, बाहेर पाहिलं, आणि मशीन सुरू केलं. “कुठं टाकू, शेट? आत का भायेर?”

शेटने टेम्पोतल्या डब्यांकडे पाहिलं. “झाकनावर टाक.”

“झाकना तर हरवतात.”

“म्हनूनच सांगतंय.”